कुलूप लावल्याचे आठवते, पण पटत नाही : मंत्रचळामागचा विचारांचा हिशेब

अर्धविराम

मंत्रचळ, म्हणजेच ज्याला आता सर्रास ओसीडी (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर) म्हटले जाते त्या आजाराविषयीची चर्चा हात धुणे आणि कुलूप ओढून पाहणे यांच्यापलीकडे सहसा जात नाही. या कृती बाहेरून दिसतात म्हणून लक्षात राहतात. त्यांच्या आधी डोक्यात जो हिशेब चालतो तो कोणाला दिसत नाही, आणि पुष्कळदा तो करणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. हा धागा त्या हिशेबाविषयी आहे. मी डॉक्टर नाही. अकरा वर्षे हा आजार बाळगून आहे, त्यातली शेवटची चार वर्षे उपचार घेत आहे, आणि या काळात जे वाचले, ऐकले आणि स्वतःवर पडताळून पाहिले ते एका जागी मांडावे असे वाटले.

पहिली गोष्ट मला कळली तेव्हा मी अक्षरशः खुर्चीवर टेकलो होतो. १९७८ मध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी कोणताही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारले की तुमच्या मनात नको असलेले, किळसवाणे किंवा भयंकर विचार येतात का. सुमारे ८० टक्के लोकांनी येतात असे सांगितले. त्यांचे विचार आणि रुग्णांचे विचार कागदावर शेजारी शेजारी ठेवले, तर कोणता कोणाचा हे जाणकारांनाही सहज ओळखता येईना. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ९४ टक्के विद्यार्थ्यांनी गेल्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार आल्याचे सांगितले. फलाटावर उभे असताना शेजारच्याला ढकलून दिले तर, सुरी हातात असताना ती चालवली तर, असे हे विचार. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण रुग्णांसाठी वेगळी आणि इतरांसाठी वेगळी नाही.

मग फरक कुठे पडतो? पॉल साल्कोव्स्किस यांनी १९८५ मध्ये त्याचे उत्तर मांडले आणि १९९७ मध्ये रॅकमन यांनी ते पुढे नेले. अनाहूत विचार सगळ्यांनाच येतो. बहुतेक लोक 'काय वेडगळ मन आहे' असे म्हणून पुढे जातात. ज्याला हा आजार जडतो तो त्या विचाराचा अर्थ लावायला बसतो. हा विचार आला त्या अर्थी मी धोकादायक माणूस आहे, किंवा आता काही अनर्थ घडला तर तो टाळण्याची जबाबदारी माझी आहे, असा तो अर्थ असतो. अर्थ असा लागला की घाबरे होणे आले, आणि त्या भीतीवर उतारा म्हणून धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात चांगला शब्द उच्चारणे हेही ओघाने आले. उताऱ्याने तात्पुरते हायसे वाटते आणि म्हणूनच अर्थ खरा होता असे मन धरून चालते. अनर्थ घडला नाही, कारण मी तपासले!

१९९७ मध्येच या विषयावर काम करणाऱ्या संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अशा अर्थांमागे असलेल्या सहा धारणा निश्चित केल्या. जबाबदारीची फुगलेली जाणीव, विचारांना दिलेले अवास्तव महत्त्व, विचारांवर ताबा असलाच पाहिजे हा आग्रह, धोक्याचा वाढवून केलेला अंदाज, अनिश्चितता सहन न होणे आणि परिपूर्णतेचा हट्ट. पुढे प्रश्नावलीवरील उत्तरांच्या विश्लेषणात या सहांच्या तीन जोड्या झाल्या, कारण जबाबदारी आणि धोका, परिपूर्णता आणि खात्री, विचारांचे महत्त्व आणि त्यांच्यावरचा ताबा हे बहुधा हातात हात घालूनच येतात. सगळ्यांविषयी लिहीत नाही. ज्या दोहोंनी मला छळले त्यांच्याविषयी लिहितो.

जबाबदारीचे विचित्र गणित असे की ते माणसागणिक नव्हे तर जागेगणिक बदलते. दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला गेलो की तिथल्या शेगडीकडे माझे लक्षही जात नाही. स्वतःच्या घरातून सर्वांत शेवटी मी बाहेर पडणार असेन तर मात्र पाऊण तास जातो. १९९५ च्या एका प्रयोगात तपासण्याचा त्रास असलेल्या रुग्णांना सांगितले गेले की आज काहीही बिघडले तरी जबाबदारी प्रयोग करणाऱ्याची. तेवढ्याने त्यांची अस्वस्थता आणि तपासण्याची ऊर्मी बरीच उतरली. शेगडी तीच, माणूस तोच, फक्त दोष कोणावर येणार ते बदलले. याच्याच पोटात आणखी एक गोष्ट आहे. रस्त्यावर काचेचा तुकडा टाकणे आणि पडलेला तुकडा पाहून पुढे जाणे यांत बहुतेक लोक फरक करतात. माझ्या डोक्यात दोन्ही एकाच भावाने तोलले जातात. दिसले आणि उचलले नाही, म्हणजे मीच टाकले.

दुसरी धारणा म्हणजे विचार आणि कृती यांची सरमिसळ. तिचे दोन प्रकार रॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वेगळे करून दाखवले. एकात वाईट विचार येणे हे वाईट कृत्य करण्याइतकेच पाप वाटते. दुसऱ्यात विचार आल्यामुळे ती घटना घडण्याची शक्यता वाढते असे वाटते. फ्रॉइड यांनीही १९०९ मध्ये एका रुग्णाविषयी लिहिताना विचारांच्या सर्वशक्तिमानतेचा उल्लेख केला होता, म्हणजे निरीक्षण जुनेच आहे. आपणही 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणतोच. पण म्हणून पुढच्या कामाला लागतो, रात्रभर त्यावर पहारा देत नाही. पहारा देण्याने काय होते हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखवले. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटा वाजवा, असे सांगितलेल्या लोकांनी घंटा तर वाजवल्याच. पण नंतर मोकळीक दिली तेव्हा, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा त्यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले.

आता शीर्षकातल्या कुलपाकडे येतो. अनेक वर्षे मला वाटत होते की माझी स्मरणशक्ती अधू आहे. नेदरलँड्समधील मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरची गॅसची शेगडी वीस वेळा तपासायला लावली. दुसऱ्या गटाला तितक्याच वेळा दिवे तपासायला लावले आणि शेवटी सर्वांना एकदा शेगडी. कोणती बटणे तपासली होती हे दोन्ही गटांना सारखेच बरोबर आठवत होते. मात्र शेगडी वारंवार तपासणाऱ्यांच्या आठवणीतला स्पष्टपणा आणि तपशील ओसरला होता आणि स्वतःच्या आठवणीवरचा त्यांचा भरवसा पार ढासळला होता. २००६ मध्ये कॅनडात खऱ्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवरही असेच आढळले. कृती अंगवळणी पडली की मन तिचे बारकावे टिपणे सोडून देते, म्हणून विसावी आठवण पहिलीपेक्षा पुसट असते. पुसट आहे म्हणून आपण एकविसाव्यांदा पाहतो. संशय आहे म्हणून तपासतो एवढेच मला ठाऊक होते. तपासतो म्हणून संशय वाढतो, हे कोणी सांगितले नव्हते.

उपचारांच्या आदल्या वर्षी मी यावर एक तोडगा काढला होता. बाहेर पडताना शेगडीच्या बटणांचा मोबाइलवर फोटो काढायचा. पहिला आठवडा झकास गेला. मग फोटो आजचाच ना, अशी पाल मनात चुकचुकली. वेळेची नोंद मोबाइल करतो हे ठाऊक असूनही मी भिंतीवरचे घड्याळ चौकटीत येईल असा कोन धरू लागलो. मग त्यातले साडेआठ सकाळचे की रात्रीचे, हा प्रश्न निघाला. शेवटी फोटो काढून वळताना बटणाला कोपर लागले नसेल कशावरून, इथे येऊन गाडी अडली. तेव्हा मोबाइलमध्ये शेगडीचे सहाशेहून अधिक फोटो होते.

तिसरी घंटा

लेख दोनदा वाचला. मी घरातल्या माणसाची बाजू मांडते, कारण आमच्याकडे तो मोबाइल म्हणजे मीच आहे. रात्री यजमान विचारतात, दार लावलेस ना? मी हो म्हणते. नक्की ना? हो, नक्की. मग थोड्या वेळाने म्हणतात, तू हो म्हणालीस, पण वाचता वाचता म्हणालीस. मग मी पुस्तक मिटून, त्यांच्याकडे पाहून, पुन्हा हो म्हणते. त्यावर ते म्हणतात, आता तू वैतागून म्हणालीस, म्हणजे मला गप्प करण्यासाठी म्हणाली असशील. माझ्या आवाजाचीही अशी तपासणी होते, आणि आपण म्हणता तसा दर खेपेला माझा होकार त्यांना अधिकच पुसट वाटत असला पाहिजे. पण उत्तर न देणे हा निष्ठुरपणा नाही का? समोर माणूस घामाघूम होऊन विचारत असतो.

खडूफळा

मी मानसशास्त्र शिकवतो. मांडणी चांगली आहे, परंतु ती जितकी निर्विवाद वाटते तितकी नाही, म्हणून काही हरकती नोंदवतो.

या धारणा सर्व रुग्णांमध्ये आढळत नाहीत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांचा एक मोठा गट असा निघाला की ज्यांच्या धारणांचे मोजमाप निरोगी माणसांसारखेच होते, आणि तरीही त्यांना आजार होता. वस्तू एका रेषेत लावत बसणाऱ्या माणसाला विचारले की न लावल्यास काय होईल, तर तो पुष्कळदा कोणताही अनर्थ सांगत नाही. 'बरोबर वाटत नाही' एवढेच सांगतो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १९०३ मध्येच या अपुरेपणाच्या भावनेचे वर्णन केले होते. तिथे जबाबदारी किंवा धोका यांचा हिशेब शोधणे म्हणजे सिद्धान्ताच्या मापाने रुग्ण कापणे होय.

शिवाय या धारणा केवळ याच आजाराच्या नाहीत. अनिश्चितता सहन न होणे हे सततच्या चिंतेच्या आजारातही ठळकपणे दिसते आणि परिपूर्णतेचा हट्ट खाण्याच्या विकारांतही. एक प्रतिस्पर्धी मतही आहे. क्लेअर गिलन आणि ट्रेव्हर रॉबिन्स यांच्या मांडणीनुसार या रुग्णांमध्ये सवयीने होणाऱ्या कृतींचे पारडे हेतूने होणाऱ्या कृतींपेक्षा जड होते. हात आधी धुतला जातो आणि 'जंतू असतील' हे कारण मन मागाहून जुळवते. तसे असेल तर आपण ज्याला हिशेब म्हणता तो हिशेब नसून खुलासा ठरतो.

अर्धविराम

खडूफळा, सवयीचा मुद्दा मला निम्मा मान्य आहे. दहा वर्षे केलेल्या कृतीत हेतू किती उरतो याविषयी माझी स्वतःचीच खात्री नाही. काही वेळा हात कुलपाकडे गेल्यावर मला भीती आठवते. परंतु धारणा मागाहून येतात असे सरसकट म्हणता येणार नाही. जोनाथन अब्रामोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पहिल्यांदाच पालक होणार असलेल्या जोडप्यांच्या धारणा बाळंतपणाआधी मोजून ठेवल्या होत्या. मूल झाल्यावर, ज्यांच्या धारणा आधीपासून तीव्र होत्या त्यांच्यात मंत्रचळाची लक्षणे अधिक दिसली. इथे क्रम तरी स्पष्ट आहे.

रेषेत वस्तू लावणाऱ्यांविषयीची हरकत मात्र मी खोडू शकत नाही. माझा लेख शंकेखोरांचा आहे, त्यांचा नाही.

पाणकणीस

पालकांचा उल्लेख आला म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिले नसते. मुलगी पाच आठवड्यांची असताना तिला आंघोळ घालताना मनात आले की हात सोडला तर. इतकेच. मी तिला टॉवेलात गुंडाळले, नवऱ्याच्या हाती दिले आणि पुढचे सात महिने तिची आंघोळ त्यानेच घातली. मी खांदा दुखतो असे सांगत राहिले. आधी टब टाळला, मग बादली, मग तिच्यासोबत घरात एकटे राहणेच टाळू लागले. मला कोणी सांगितले असते की हा विचार नव्या आईबापांना सर्रास येतो, तर कदाचित इतके झाले नसते. मी कोणाला विचारलेच नाही, कारण विचारले तर मूल काढून घेतील असे वाटत होते.

आता कळते की ज्या विचाराची मला शिसारी आली तोच चिकटला. तिची काळजी नसती तर तो आला तसा निघून गेला असता. पण तेव्हा मी उलटा अर्थ काढला होता, की इतक्या वेळा येतो म्हणजे माझ्या मनात खरोखरच तसे असणार. आणि येत होता तो मी सारखी पाहत होते म्हणून, आज आला का, आता आला का.

अनुस्वार

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. पाणकणीस, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. असा विचार येणारी आई घाबरते, टाळते, लपवते. विचार तिच्या इच्छेच्या अगदी विरुद्ध असतो हीच त्याची खूण. बाळंतपणानंतर कधी कधी दिसणारा, वास्तवाचे भान सुटणारा आजार वेगळा असतो आणि त्यात तातडीची मदत लागते. हा फरक प्रत्यक्ष भेटीत तज्ज्ञाने करायचा असतो, तो धाग्यावर होत नाही.

तिसरी घंटा यांच्या प्रश्नाविषयी. यजमानांना हवी असते ती माहिती नसते, कारण ती त्यांना पहिल्या होकारातच मिळालेली असते. त्यांना जबाबदारीत वाटेकरी हवा असतो. म्हणून तुमचे उत्तर हेही कुलूप ओढण्यासारखेच काम करते. परंतु एका रात्रीत अचानक गप्प बसू नका. तो खरोखर निष्ठुरपणा होईल आणि उपयोगही होणार नाही. दिवसा, शांतपणे, दोघांनी मिळून ठरवायचे असते की रात्री प्रश्न आला तर काय म्हणायचे. 'हा प्रश्न आजाराचा आहे असे आपण ठरवले आहे. मी सोबत बसते, उत्तर देत नाही.' हे वाक्य त्यांनीच निवडलेले असावे. शक्य तर उपचार करणाऱ्याच्या मदतीने.

आता उपचारांविषयी थोडे, कारण अर्धविराम यांनी तो भाग सोडला आहे. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांना भीतीच्या गोष्टींसमोर आणून त्यांच्या विधींना रोखले, आणि एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन या पद्धतीचा पाया तिथे पडला. आजही मानसोपचारांत तिचे स्थान पहिले आहे. औषधांमध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी औषधे वापरली जातात. धारणांवरचे काम या पद्धतीला पर्याय म्हणून फारसे वरचढ ठरलेले नाही. ते तिच्यात मिसळून उत्तम चालते. उदाहरणार्थ, ओली फरशी पाहूनही आपण काही बोललो नाही आणि कोणी घसरले, तर दोष शंभर टक्के माझा, असे म्हणणाऱ्याला मी कागदावर वर्तुळ काढायला सांगते. पाणी सांडणारा, फरशी न पुसणारा, सूचनेची पाटी न लावणारा, घाईने चालणारा, अशा प्रत्येकाला आधी त्याचा वाटा द्यायचा आणि स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी काढायचा. उरते ती फट पाहून काही जण हसतात. पण त्यानंतर ओल्या फरशीवरून काही न बोलता प्रत्यक्ष चालत जावेच लागते. वर्तुळाने ते काम होत नाही.

एक धोका आवर्जून सांगते, कारण तो हुशार रुग्णांना हमखास गाठतो. 'हा केवळ एक विचार आहे' हे वाक्य शिकवले की काही दिवसांनी ते वाक्यच दिवसातून दोनशे वेळा म्हटले जाऊ लागते. उतारा बदलतो, विधी तोच राहतो. आजाराविषयी अखंड वाचत राहण्याचेही असे होऊ शकते.

निवांत

चर्चा वाचून एक साधा प्रश्न पडला. मी रोज रात्री कुलूप दोनदा ओढून पाहतो. म्हणजे मलाही हा आजार आहे का?

खडूफळा

निदानाच्या प्रचलित निकषांत, २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेतही, दिवसातून साधारण एक तासाहून अधिक वेळ जाणे किंवा त्यापायी लक्षणीय त्रास होणे, कामात व नात्यांत अडथळा येणे अपेक्षित आहे. दोनदा कुलूप ओढून झोप लागत असेल, तर ती निव्वळ सवय आहे.

निवांत

धन्यवाद. दोनदा ओढतो, पण कधी कधी झोपल्यावर पुन्हा उठावेसे वाटते. उठत नाही. तरीही ती सवयच म्हणायची ना?

अर्धविराम

उठावेसे सगळ्यांनाच कधी ना कधी वाटते. उठत नाही म्हणता, मग ठीकच आहे.

निवांत

हो, आता बरे वाटले. फक्त एकच. वरच्या लेखातला फलाटावरचा विचार मलाही दोन वेळा आला आहे. कुलूप आणि हा विचार, दोन्ही एकाच माणसात असतील तर धोका वाढतो का? आणि खडूफळा यांनी 'असेल, तर' असे लिहिले आहे, म्हणजे त्यांना खात्री नव्हती का?

अनुस्वार

निवांत, आपल्याला दोन उत्तरे मिळाली, दोन्ही वेळा बरे वाटले आणि दोन्ही वेळा नवा प्रश्न आला. शेवटचा प्रश्न तर उत्तरातल्या 'असेल, तर' या शब्दांवर आहे. तिसरी घंटा यांचा प्रतिसाद पुन्हा वाचल्यास साम्य दिसेल. आपल्याला आजार आहे असे मी म्हणत नाही आणि नाही असेही म्हणत नाही. या प्रश्नाचे उत्तर मी इथे देणार नाही आणि इतरांनीही देऊ नये अशी विनंती करते. त्रास वाटत असेल तर तज्ज्ञाला एकदा भेटा.

अर्धविराम

माझी चूक झाली. स्वतः एवढे लिहून मीच 'ठीकच आहे' म्हणून मोकळा झालो.

निवांत

अनुस्वार यांचा प्रतिसाद वाचल्यावर आधी राग आला. उत्तर माहीत असूनही देत नाहीत असे वाटले. त्यानंतर तासाभरात एक प्रश्न चार वेळा लिहिला आणि पुसला. तो अजून मनात आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तोवर या धाग्यावर येणार नाही.